भरलेला परत आलेला डबा

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ४३ वर्षांची, डोंबिवलीत राहते. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर अर्धा दिवस काम करते. मुलगा दहावीत आहे. ह्यांचं ऑफिस फोर्टला. सकाळी सव्वासातला घर सोडतात, रात्री साडेआठ-नऊला येतात. लग्नाला अठरा वर्षं झाली. घरात भांडणतंटा नाही, व्यसन नाही.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी स्टेशनबाहेरच्या मावशींकडे वडीचा अळू छान मिळाला, काळ्या देठाचा. ह्यांना अळूवडी फार आवडते, पण सासूबाई गेल्यापासून घरात झालीच नव्हती. रात्री अकरापर्यंत बसून त्यांच्या पद्धतीने उंडे केले, उकडले. सकाळी पावणेपाचला उठून वड्या तळल्या आणि डब्यात घातल्या. मुद्दाम सांगितलं नाही, उघडल्यावर कळावं म्हणून. दिवसभर मी खुशीत होते. रात्री डबा घासायला घेतला तर जसाच्या तसा. भाजीला आंबूस वास, वड्या घामेजून एकमेकींना चिकटलेल्या. "डबा नाही खाल्लात?" विचारलं तर म्हणाले, "अगं, पार्टी होती. माझ्यानंतर सहा वर्षांनी लागलेल्या मुलाचं प्रमोशन झालं, त्याने बिर्याणी मागवली." आणि टीव्ही लावला. मी बेसिनचा नळ सोडला आणि रडले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. वीस मिनिटं भावाच्या नव्या फ्लॅटबद्दल बोलली आणि मी कशी आहे हे न विचारता ठेवला. रविवारी शाळेतल्या मैत्रिणींचं स्टेटस पाहिलं. सगळ्या माळशेजला गेल्या होत्या, मला कुणी विचारलंही नव्हतं.

ताई, शेजारच्या वहिनींचे मिस्टर मे महिन्यात गेले. त्यांच्यासमोर मी काय सांगू, माझ्या वड्या परत आल्या म्हणून? बहिणीला सांगितलं तर म्हणाली, "अपेक्षाच ठेवू नये, म्हणजे त्रास होत नाही." मलाही तेच पटायला लागलंय. ठरवलंय, कुणाकडून काही अपेक्षा ठेवायची नाही, साधी भाजी-पोळी द्यायची आणि मोकळं व्हायचं. एक उंडा अजून फ्रीझरमध्ये आहे. टाकवत नाही आणि तळवतही नाही. माझं काही चुकतंय का? की हे वयामुळे होतंय?

— एक वाचक, डोंबिवली


आधी वड्यांबद्दल बोलू. बाकीचं मागून.

"उंडे केले, उकडले" एवढंच तुम्ही लिहिलंय. ज्यांनी कधी केले नाहीत त्यांना यात काय काय येतं ते कळायचं नाही, म्हणून मी सांगते. पानं एकेक करून धुवायची, पुसून कोरडी करायची, पालथी घालून मधली जाड शीर सुरीने तासायची आणि वरून लाटणं फिरवायचं, नाहीतर वळताना पान फाटतं. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो, म्हणून चिंच हवीच. ती भिजवून कोळ काढायचा, त्यात गूळ, तिखट, तीळ, बेसन, खुसखुशीत व्हावं म्हणून थोडी तांदळाची पिठी. पीठ सैल झालं तर ओघळतं, घट्ट झालं तर पानाला लागत नाही. सगळ्यात मोठं पान खाली, त्यावर त्याहून लहान, देठ-शेंडे उलटसुलट, आणि प्रत्येक पानावर हाताने पातळ थर. कडा आत मुडपून घट्ट वळायचं, वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचं, आणि पुरतं गार होईपर्यंत सुरी लावायची नाही. हे सगळं तुम्ही लॅबमधून आल्यावर, रात्रीचा स्वयंपाक, जेवणं आणि ओटा उरकून मग केलंत. झोपायला बारा वाजले असणार. पावणेपाचला पुन्हा कढई.

शिवाय त्या सासूबाईंच्या पद्धतीच्या होत्या, आणि त्या गेल्यानंतर घरात पहिल्यांदाच झाल्या होत्या. नवऱ्याला डबा उघडताक्षणी त्याची आई आठवावी, अशी ती तजवीज होती. आणि तो डबा न उघडता परत आला. यावर रडू येणार नाही तर कशावर येणार?

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. तुमचं काहीही चुकत नाही.

आता शेजारच्या वहिनींबद्दल. त्यांचं दुःख मोठं आहे, त्यात वादच नाही. पण शेजारी कुणाचा पाय मोडलाय म्हणून आपण आपल्या पायातला काटा काढायचा ठेवत नाही. ठेवला तर तो पिकतो. अमेरिकेतले शोकाचे एक अभ्यासक आहेत, केनेथ डोका. त्यांनी १९८० च्या दशकात एक गोष्ट मांडली. काही दुःखं अशी असतात की ती उघड करायची सोय नसते, त्यांना समाजाची मान्यता नसते, कुणी भेटायला येत नाही, आणि म्हणून ती जास्त दिवस आत राहतात. त्यांच्या अभ्यासात नातं तुटणं, पाळलेलं जनावर जाणं, गर्भपात होणं अशा गोष्टी येतात. अळूवडी येत नाही. पण तुम्ही नळ सोडून रडलात ना, तो नळ वाचताना मला त्यांचीच आठवण झाली. रडण्याइतकंच तुम्हाला ते लपवणंही जड गेलंय.

आपल्या भाषेत या छोट्या मोडतोडीला पुष्कळ शब्द आहेत. हिरमोड होतो, विरस होतो, मन खट्टू होतं, चेहरा उतरतो, जीव हिरमुसला होतो, आनंदावर विरजण पडतं. आपल्या आज्या-पणज्यांनी हे शब्द रोज वापरले म्हणूनच ते घासून इतके गुळगुळीत झाले. म्हणजे हे दुःख फार जुनं आहे आणि घरोघरचं आहे. हिरमोड झाला तर तो झाला म्हणायचा. त्याला लाजायचं कारण नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. "दिवसभर मी खुशीत होते." वुल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात माकडांवर काही प्रयोग केले. दिवा लागला की थोड्या वेळाने फळाचा रस मिळायचा. काही दिवसांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी रस मिळायच्या आधीच, नुसता दिवा लागल्यावर, खुलायला लागल्या. मग एकदा दिवा लागला पण रस आलाच नाही. तेव्हा ज्या क्षणी रस यायला हवा होता, नेमक्या त्याच क्षणी त्या पेशी नेहमीपेक्षाही खाली गेल्या. या कामासाठी शुल्ट्झना पुढे, २०१७ साली, दोन सहकाऱ्यांसोबत ब्रेन प्राइझ हे मेंदूविज्ञानातलं मोठं पारितोषिक मिळालं. मला यातलं सगळं शास्त्र कळतं असं नाही, पण एवढं कळतं की वाट पाहण्याचा आनंद आधी मिळून गेलेला असतो, आणि गोष्ट घडली नाही की माणूस होता त्याहून खाली जातो. तुमचा दिवा पहाटे पावणेपाचला लागला होता. तो सोळा तास जळत होता. म्हणून रात्री बेसिनपाशी ते इतकं लागलं. एखाद्या साध्या दिवशी डबा परत आला असता तर तुम्ही भाजी टाकून डबा घासला असता आणि विसरूनही गेला असता.

आणि तुमच्या बहिणीचं म्हणणं. ती मायेनेच बोलली असणार, पण मला तिचा सल्ला मान्य नाही. अजिबात नाही. "अपेक्षाच ठेवू नये" हे वाक्य मी या सदरातल्या पत्रांतून इतक्या वेळा वाचलंय की आता ते दिसलं की माझा जीव कळवळतो. कुणी त्याला निष्काम कर्माचा दाखला देतं, कुणी सकाळच्या मेसेजमध्ये फुलांच्या चित्रावर लिहून पाठवतं. आणि बहुतेक वेळा ते घरातल्या बाईलाच सांगितलं जातं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष ती करतात ते ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. या पाच तासांना पगार नाही, रजा नाही, प्रमोशन नाही. "छान झालंय गं" एवढा एकच मोबदला आहे. त्याचीही अपेक्षा ठेवू नकोस असं त्या बाईला सांगायचं, हा अन्याय आहे. मी तो तुम्हाला सांगणार नाही.

दुसरं असं की, अपेक्षा सोडायची ठरवून सुटत नाही. तुम्ही साधी भाजी-पोळी द्याल आणि मोकळ्या व्हाल असं तुम्हाला वाटतंय. मोकळ्या होणार नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच मावशींकडे तसाच काळ्या देठाचा अळू दिसेल, तुम्ही मान वळवून पुढे जाल, आणि ते मान वळवणं तुमच्या लक्षात राहील. मी हे करून बसले आहे, म्हणून सांगते.

माझं लग्न १९८१ साली झालं. आम्ही विलेपार्ल्याला राहायचो, ह्यांचं ऑफिस चर्चगेटजवळ. साडेनऊला डबेवाला दारात यायचा. मुंबईत ही डब्यांची ने-आण १८९० मध्ये महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केली. कुणाचाही डबा कसा चुकत नाही, याचं कौतुक सगळे करतात. घरातल्या बाईला मात्र डब्याचं जाणं जेवढं माहीत असतं तेवढंच येणंही. दुपारी चार-साडेचारला डबा दाराशी टेकला की मी उचलायची, आणि उचलताक्षणी हाताला कळायचं. हलका असला, आतली पुडं खुळखुळली, की माझा दिवस चांगला गेला.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी वालाचं बिरडं केलं. ते आमच्या घरचं नव्हे, ह्यांच्या घरचं. सासूबाईंना विचारून विचारून केलं. वाल रात्रभर भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, कोमट पाण्यात घालून एकेक सोलले. सोलता सोलता बोटांची टोकं सुरकुतली. दोन दिवस लागले. त्या दुपारी डबा उचलला तर जड होता. झाकण काढलं, बिरड्यावर घातलेलं ओलं खोबरं तसंच होतं, चमचासुद्धा लागला नव्हता. हे संध्याकाळी आले, हातपाय धुऊन आडवे झाले, काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. मनात म्हटलं, आवडलं नसेल, नवीन सुनेच्या हातचं नको असेल. आणि ठरवून टाकलं की पुन्हा बिरडं करायचं नाही.

केलं नाही. अकरा वर्षं.

मग एकदा नणंदेकडे जेवायला गेलो होतो. तिने बिरडं केलं होतं. ह्यांनी दोनदा मागून घेतलं आणि तिला म्हणाले, "आमच्याकडे होत नाही. हिला आवडत नाही ना." माझा घास हातातच राहिला. घरी येताना लोकलमध्ये मी सगळं सांगितलं, तारखेसकट, कारण तारीख मला पाठ होती. ह्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. त्या दिवशी ऑफिसातल्या एका मित्राचे वडील गेले होते, दुपारी सगळे चंदनवाडीला गेले होते. डबा टेबलावरच राहिला आणि डबेवाला घेऊन गेला. "घरी आल्यावर स्मशानाचं काय सांगायचं तुला, नवी होतीस," असं म्हणाले. गाडी अंधेरीच्या पुढे जाईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुमच्या पत्रात मी हेच शोधत होते, आणि ते सापडलं. तुम्ही लिहिलंय, "मुद्दाम सांगितलं नाही, उघडल्यावर कळावं म्हणून." डबा उघडलाच गेला नाही. रात्री तुम्ही विचारलंत, डबा नाही खाल्लात? त्यांनी कारण सांगितलं. वड्यांचं नाव तुम्हीही काढलं नाहीत. म्हणजे आज महिना झाला तरी डब्यात अळूवड्या होत्या, हे तुमच्या मिस्टरांना बहुधा माहीतच नाही. त्यांच्या लेखी एका बुधवारी पोळी-भाजी वाया गेली. तुमच्या लेखी मात्र फार मोठं काही झालं. एकाच घरात एकाच दिवसाच्या दोन गोष्टी झाल्या, आणि दोघांना एकमेकांची गोष्ट ठाऊक नाही.

दोन गोष्टी म्हटलं, कारण त्यांचीही एक असावी. तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहून गेलात. त्यांच्यानंतर सहा वर्षांनी लागलेल्या मुलाचं प्रमोशन झालं. त्याची पार्टी. त्याची बिर्याणी. सगळ्यांसोबत उभं राहून "अभिनंदन" म्हणायचं, हसायचं, ताटली हातात घ्यायची. डबा बॅगेत तसाच. मग तासाभराची लोकल, घर, आणि बायकोने विचारल्यावर एका वाक्यात सगळं सांगून टीव्ही. मी त्यांना ओळखत नाही. कदाचित त्यांना त्या प्रमोशनचं काहीही वाटलं नसेल. पण पन्नाशीकडे आलेल्या पुरुषाने हे वाक्य बोलून लगेच टीव्ही लावला, हे वाचून मला वाटलं, तुमच्यासारखाच त्यांनीही एक नळ सोडला होता.

हे मी कशासाठी सांगतेय ते नीट ऐका, कारण यातून उलटा अर्थ निघू शकतो. त्यांचं दुःख आहे म्हणून तुम्ही तुमचं गिळा, असं मी म्हणत नाहीये. बायका हे फार लवकर करतात. समोरच्याचं थोडं कळलं की आपलं आवरून ठेवतात आणि त्याच्यासाठी चहा टाकायला उठतात. तसं करू नका. आधी तुमचं सांगा, पूर्ण सांगा. मग त्यांना विचारा.

कसं सांगायचं, तेही बोलू. रात्री नऊला, ते दमून आलेले असताना, बेसिनपाशी उभं राहून नको. मुलासमोर नको. रविवारी सकाळी तो क्लासला गेला की चहा घेऊन समोर बसा. टीव्ही बंद ठेवा. सुरुवात वड्यांपासूनच करा. "त्या बुधवारी बिर्याणी होती ना, त्या दिवशी तुमच्या डब्यात अळूवड्या होत्या. आईंसारख्या केल्या होत्या. त्या तशा जमल्यात का, ते मला तुमच्याकडून ऐकायचं होतं. दिवसभर त्याचीच वाट बघत होते. डबा तसाच आला तेव्हा मी रडले." एवढंच. पुढे "तुम्हाला माझी किंमतच नाही" हे जोडू नका, "तुम्ही नेहमीच असं करता" तर मुळीच नको. ते जोडलंत की माणूस वड्या विसरतो आणि स्वतःची बाजू मांडायला लागतो, आणि मग अठरा वर्षांचा हिशेब निघतो. तुम्हाला हिशेब मांडायचा नाहीये. काय झालं ते फक्त सांगायचंय.

ते गप्प बसतील. बसू द्या. कदाचित म्हणतील, "अगं मग सांगायचंस ना." त्याचा राग मानू नका, ते खरंच आहे. कदाचित म्हणतील, "एवढंच ना?" तर म्हणा, "हो, एवढंच. आणि ते मला लागलं." आवाज चढवायची गरज नाही. हे वाक्य बोलायला जड जातं, हे मला माहीत आहे. आरशासमोर एकदा म्हणून पाहा, त्यात काही हसण्यासारखं नाही. ते थट्टेवर नेऊ लागले तर तिथेच थांबा, आणि दोन दिवसांनी पुन्हा सांगा.

त्यानंतर एक साधी व्यवस्था मागून घ्या. बाहेर जेवायचं ठरलं तर बारापर्यंत एक मेसेज. "आज डबा खात नाही." दोन सेकंदांचं काम आहे. डबा परत येणार हे दुपारीच कळलं तर रात्री झाकण उघडताना काळजात चर्र होत नाही. आणि तुमच्याकडूनही एक. डब्यात काही खास असेल तर सकाळी दारात सांगून द्या. उघडल्यावर चकित व्हावं ही हौस मला समजते, मलाही होती. पण त्या हौसेचं सगळं ओझं समोरच्याने झाकण उघडण्यावर पडतं. "आज अळूवडी आहे" असं सांगितलं असतंत तर बिर्याणी आली तरी तो डबा बहुतेक बॅगेतून बाहेर आला असता, चार जणांनी वडी उचलली असती, आणि कुणीतरी म्हटलं असतं, वहिनींनी केल्या का?

आईबद्दल थोडंसंच. तिचं वय तुम्ही लिहिलं नाही, पण सत्तरीच्या आसपास असेल. त्या पिढीतल्या बऱ्याच आया लेकीचं बरं चाललंय असं धरूनच चालतात, आणि ज्याची काळजी वाटते त्याच्याबद्दलच बोलत राहतात. त्याने तुमचं लागणं कमी होत नाही. पुढच्या वेळी तिचं बोलणं संपायची वाट बघू नका. मध्येच म्हणा, "आई, आता माझं ऐक." आईला असं म्हणता येतं.

मैत्रिणींचं मात्र मला जास्त टोचलं. स्टेटसवर सगळ्यांचे रेनकोट घातलेले फोटो, मागे धबधबा, आणि आपण नाही. कारण साधंही असू शकतं. तुम्ही मागच्या दोन-तीन वेळा लॅब, मुलाचा क्लास, पाहुणे यामुळे नाही म्हटलं असेल, आणि मग विचारायचं राहिलं असेल. पण असू शकतं एवढ्यावर समाधान मानू नका. त्यातली जी तुम्हाला सगळ्यात जवळची आहे, तिला एकटीला फोन करा. ग्रुपवर काहीही लिहू नका. तिला सरळ म्हणा, "माळशेजचे फोटो पाहिले. मला विचारलं नाहीत त्याचं वाईट वाटलं. पुढच्या वेळी मला यायचंय." तिने ओशाळून काही सांगितलं तर मैत्री शाबूत आहे. तिने उडवून लावलं, तर तेही कळलेलं बरं. मग तिथे फार जीव लावत बसू नका. अपेक्षा ठेवू नये असं मी म्हणत नाही, पण ती कुणाकडून ठेवायची हे आपल्याला निवडता येतं.

आणि वय. तुम्ही ४३ च्या आहात. पाळी जायच्या आधीची काही वर्षं शरीरातले बदल झोपेवर आणि मनावर परिणाम करतात, डोळ्यांत पाणी चटकन येतं, हे खरं आहे. पाळीच्या तारखा मागेपुढे होत असतील, रात्री घाम येऊन जाग येत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा भेटा. पण वड्या परत आल्याचं दुःख वयावर ढकलू नका. ते पंचविशीतही झालं असतं. मला झालं होतं.

हे रडणं जर त्या एका आठवड्यापुरतं राहिलं नसेल, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस रोज मन उदास राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप किंवा भूक उडाली असेल, आपण नसलो तरी चालेल असे विचार येत असतील, तर मात्र हे पत्रोत्तर पुरेसं नाही. डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तिथे फोन करण्यासाठी दुःख मोठंच असावं लागतं असं नाही.

राहिला तो फ्रीझरमधला उंडा.

तो टाकू नका. उकडून नीट गुंडाळून ठेवला असेल तर महिनाभराने काही बिघडलेलं नसेल. वास घेऊन पाहा, चांगला असला तर येत्या शनिवारी रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवा. सकाळपर्यंत अर्धवट सुटलेला असला की सुरी नीट चालते, काप सुटत नाहीत. रविवारी तो चहा घेऊन बसायचंय ना, त्याच्या आधी तळा. आणि पहिल्या दोन वड्या गरम गरम बशीत घेऊन तुम्ही खा. ओट्यापाशी उभ्याने नाही, खुर्चीवर बसून. तुम्ही केलेल्या वड्या कशा झाल्यात, हे तुम्हाला अजून माहीतच नाही. त्या बुधवारी तुम्ही एकही चाखली नसणार, सगळ्या डब्यात भरल्या असणार.

मग त्यांना हाक मारा.